इंटरनेटच्या काळातला हॅम रेडिओ

हॅम रेडिओ म्हणजेच हौशी रेडिओ. यात परीक्षा देऊन लायसन्स काढायचं, स्वतःची कॉलसाइन (हवेत ओळख सांगायचं अक्षर-आकड्यांचं नाव) मिळवायची, आणि ठरवून दिलेल्या बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांवर, जगभरातल्या अशाच लायसन्सवाल्यांशी संपर्क करायचा, प्रयोग करायचे, पण त्यातून पैसा कमवायचा नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमांत या सेवेची व्याख्या आहे आणि तिच्यात तीनच कामं येतात: स्वतः शिकणं, आपापसांत संपर्क आणि तांत्रिक शोध. लांबच्या माणसाशी फुकटात गप्पा मारणं तिथे कुठेच लिहिलेलं नाही. त्यामुळे "हातात मोबाईल असताना हे कशाला?" हा हॅम लोकांना सतत ऐकावा लागणारा प्रश्न निदान कागदावर तरी गैरलागू आहे. कागदावरच म्हणायचं, कारण खरं सांगायचं तर पिढ्यान् पिढ्या लोकांना या छंदात ओढलं ते लांब अंतरानेच.

आणि ते अंतर गाठायचा रस्ताही हौशींनीच दाखवला होता. अमेरिकेच्या १९१२च्या कायद्याने त्यांना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर ढकललं, कारण तेव्हा जाणकारांना या लहरी निरुपयोगी वाटायच्या. नोव्हेंबर १९२३मध्ये फ्रान्समधल्या नीसहून लिऑन देलॉयने अमेरिकेतल्या फ्रेड श्नेलशी सुमारे ११० मीटरवर दोन्ही बाजूंनी संपर्क केला, हौशींनी अटलांटिक असा पहिल्यांदाच ओलांडला आणि मग ज्या लहरी कुणाला नको होत्या त्यांच्यासाठी सगळेच धावत आले, कंपन्या काय आणि सरकारं काय. १९२५मध्ये पॅरिसला हौशींची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली ती बरीचशी यामुळेच, आपली जागा राखायची तर एकत्र यायला हवं होतं. या लहरी इतक्या लांब जातात कारण वातावरणाच्या वरच्या भागात सूर्यामुळे विद्युतभारित झालेला थर (आयनोस्फिअर) असतो, तो त्यांना वळवून परत जमिनीकडे पाठवतो. सूर्यावरच्या डागांचं चक्र साधारण ११ वर्षांचं, त्यामुळे कधी पाच वॉटवर अर्धं जग ऐकू येतं तर कधी शंभर वॉट लावूनही बँड मेलेला. हा बेभरवशाचा कारभारच हॅमला आवडतो, फोनच्या माणसाला अजिबात नाही.

इंटरनेट यायच्या आधी हॅमकडे स्वतःचं नेटवर्क होतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९८०च्या दशकात पॅकेट रेडिओ आला, म्हणजे मजकुराचे छोटे तुकडे करून रेडिओवरून पाठवणं, एएक्स.२५ नावाचा प्रोटोकॉल (ठरलेले नियम), स्पीड बहुतेक ठिकाणी १२०० बॉड, म्हणजे सेकंदाला १२०० बिट, त्यावर बुलेटिन बोर्ड (मेसेज ठेवायचे सामाईक फलक) चालायचे, मेसेज एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर उड्या मारत जायचे. १९८१मध्ये हँक मॅग्नुस्की यांनी हौशींसाठी ४४ने सुरू होणारे सगळे आयपी पत्ते (नेटवर्कवर कॉम्प्युटर ओळखायचे आकडे) मागून घेतले, म्हणजे जवळपास १ कोटी ६७ लाख पत्ते, आणि तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही. फिल कार्न यांनी साध्या पीसीवर टीसीपी/आयपी (इंटरनेट ज्यावर चालतं ते प्रोटोकॉल) चालवणारं सॉफ्टवेअर लिहिलं ते पॅकेट रेडिओसाठीच. पुढे खरं इंटरनेट घरोघरी पोचलं आणि पॅकेटचे बोर्ड ओस पडत गेले. पत्ते मात्र सोन्याच्या भावाला पोचले. २०१९मध्ये त्यातले चतुर्थांश अमेझॉनला विकले गेले, दहा कोटी डॉलरहून जास्त रक्कम आली, आणि तो निधी एका फाउंडेशनतर्फे आता रेडिओच्या प्रकल्पांना अनुदान म्हणून वाटला जातो. अर्थात विक्रीवरून वादही झालाच, हे पत्ते नेमके कुणाच्या मालकीचे होते म्हणून.

इंटरनेटने हॅमकडून काय नेलं तर मुख्यतः प्रासंगिक बोलणं. दूरच्या तळावरच्या माणसाला रेडिओवरून त्याच्या घरच्या टेलिफोनशी जोडून देणं, ज्याला फोन पॅच म्हणायचे, ते काम जवळपास संपलं. जपानमध्ये १९९०च्या दशकाच्या मध्यात तेरा लाखांच्या वर हौशी स्टेशनं होती, आता त्याच्या एक तृतीयांशही नाहीत. मोबाईल फोन आल्यावर निव्वळ बोलायला येणारा माणूस निघून गेला, हे एवढी पडझड बघितल्यावर नाकारण्यात अर्थ नाही.

मग इंटरनेटच रेडिओत शिरलं. १९९७मध्ये कॅनडात आयआरएलपी सुरू झालं, २००२मध्ये एकोलिंक, नंतर डी-स्टार, डीएमआर वगैरे डिजिटल व्हॉइस. कल्पना साधी: इथला रिपीटर (सिग्नल ऐकून तो पुन्हा जोरात सोडणारं स्टेशन) आणि तिकडचा रिपीटर यांच्यामधला प्रवास इंटरनेटवरून. आज कुणी हातातला वॉकीटॉकीसारखा सेट घेऊन टेबलावरच्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरच्या हॉटस्पॉटला, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या छोट्या रेडिओला, बोलतो, रेडिओचा रस्ता जेमतेम एक-दोन मीटर, बाकी पुढचे हजारो किलोमीटर केबलमधून. हे रेडिओ आहे का यावर हॅम मंडळी वर्षानुवर्षं भांडतायत. मोठा अँटेना लावायची सोय नसलेल्या माणसाला किंवा नुकतं लायसन्स मिळालेल्याला हे फार उपयोगाचं आहे, ओळखी होतात, प्रश्न विचारता येतात. पण यात आकाशाचा काहीच हात नाही, आणि लांबच्या संपर्कांचे नावाजलेले पुरस्कार असे संपर्क धरत नाहीत ते बरोबरच आहे.

दुसऱ्या टोकाला एफटी८ हा मोड, म्हणजे सिग्नल पाठवायची डिजिटल पद्धत. तो बनवणारे जो टेलर म्हणजे तेच, ज्यांना जोडपल्सारच्या (जोडीने फिरणाऱ्या, लयीत रेडिओ स्पंदनं देणाऱ्या ताऱ्याच्या) शोधासाठी रसेल हल्स यांच्याबरोबर १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे त्यांनी क्षीण सिग्नलवर काम करायला घेतलं. स्टीव्ह फ्रँके यांच्यासोबत त्यांनी २०१७मध्ये हा मोड आणला. पंधरा सेकंदांचे स्लॉट, रुंदी फक्त ५० हर्ट्झ, एका मेसेजमध्ये ७७ बिट, कानाला निव्वळ खरखर ऐकू येते तिथूनही कॉम्प्युटर कॉलसाइन वाचून काढतो. थोड्याच वर्षांत लॉगबुकांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा मोड हाच झाला. टीका अशी की यात माणूस बोलतच नाही, कॉलसाइन, सिग्नल रिपोर्ट, ७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा), संपलं; काही जण तर सॉफ्टवेअर चालू ठेवून जेवायला जातात.

पण हे दोन मोड शेजारी ठेवून बघा. एकोलिंकवर मनमुराद गप्पा आहेत पण रेडिओ नावापुरता, एफटी८मध्ये गप्पा नाहीत पण सिग्नल अँटेनातून निघून आयनोस्फिअरला लागून दुसऱ्या खंडात उतरतो, मध्ये कुणाचा सर्व्हर नाही. हॅमची ओळख बोलण्यात आहे की लहरीत, हा सगळा वाद शेवटी इथे येऊन थांबतो, आणि व्यवहारात तरी कौल लहरीच्या बाजूने लागलाय. पुरस्कारांचे नियम बघितले तर इंटरनेट संपर्काच्या आधी चालतं, नंतर चालतं, मधोमध चालत नाही. आधी म्हणजे कोण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे ते क्लस्टरवर (कोण ऐकू येतंय ते हॅम लोक टाकतात त्या ऑनलाइन यादीवर) बघणं, आपला सिग्नल कुठे पोचतोय ते पीएसके रिपोर्टर किंवा रिव्हर्स बीकन नेटवर्कवर तपासणं. नंतर म्हणजे लॉग अपलोड करणं, पोस्टाने येणाऱ्या क्यूएसएल कार्डाऐवजी (संपर्काच्या पोचपावतीऐवजी) ऑनलाइन कन्फर्मेशन. एफटी८ला कॉम्प्युटरचं घड्याळ सेकंदाच्या आसपास अचूक लागतं आणि ते बहुतेक जण इंटरनेटवरूनच लावतात, पण त्याला कुणी हरकत घेत नाही.

सीमा अजून पुसट झाली ती रिमोट स्टेशनमुळे. शहरात घराभोवती इतका विजेचा गोंगाट असतो की लोक लांब मोकळ्या जागेवर अँटेना आणि रिग (रेडिओ सेट) ठेवून लॅपटॉपवरून ती चालवतात. जगभरातल्या संपर्कांसाठी दिल्या जाणाऱ्या डीएक्ससीसी पुरस्कारात ३४० देश आणि बेटं मोजली जातात, तिथे नियम असा की ट्रान्समीटर जिथे आहे तीच स्टेशनची जागा, ऑपरेटर कुठे बसलाय हा मुद्दा नाही. ऑगस्ट २०२४मध्ये पॅसिफिकमधल्या निर्मनुष्य जार्विस बेटावरून एन५जे हे स्टेशन चाललं, बेटावर खोक्यात बसवलेले रेडिओ आणि सॅटेलाइट इंटरनेट, ऑपरेटर बरेचसे दुसरीकडे. दोन रेडिओंमधला रस्ता हवेतलाच होता, तरी जुन्या लोकांना हे पचलं नाही, बेटावर तंबू ठोकून राहण्यातली कष्टाची बाजू गेली असं त्यांचं म्हणणं.

आपत्तीच्या वेळी हॅम कामाला येतो हे तर सगळीकडे सांगितलं जातं, आणि ते खोटं नाही. डिसेंबर २००४च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद यांची टीम अंदमानात पोर्ट ब्लेअरहून डीएक्ससाठीच, म्हणजे लांबच्या संपर्कांसाठीच, रेडिओ चालवत होती, तिने ते थांबवून निरोप पोचवायला सुरुवात केली. २०१७च्या मारिया वादळानंतर रेडक्रॉसच्या विनंतीवरून २२ हॅम स्वयंसेवक प्वेर्तो रिकोला गेले. पण आता सॅटेलाइट इंटरनेटची डिश मदतपथकाच्या गाडीत असते, त्यामुळे "आम्ही नसलो तर सगळं ठप्प" हा दावा पूर्वीइतका चालत नाही. शिवाय नियमाने हौशी रेडिओवर अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरता येत नाही, जे बोलायचं ते सगळ्यांना ऐकू येणार, मग रुग्णांची नावं वगैरे सांगताना पंचाईत होते. उरतो तो माणसं तयार असण्याचा फायदा: बॅटरीवर सेट चालवणं, हाताला लागेल त्या तारेचा अँटेना टांगणं, लॅपटॉपवरचा ईमेल शॉर्टवेव्हवरून विनलिंकने पाठवणं, हे ऐन वेळी कुणी शिकत नाही.

मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतलिपीची, गोष्ट मात्र सगळ्यांच्या अंदाजाबाहेर गेली. २००३च्या जागतिक रेडिओ परिषदेने ३० मेगाहर्ट्झखाली काम करायला मोर्स यायलाच हवं ही अट देशांच्या मर्जीवर सोडली, अमेरिकेने २००७मध्ये ती पूर्ण काढली, आणि लोकांनी सीडब्ल्यूचा (मोर्समधल्या संपर्काचा) मृत्युलेख लिहून टाकला. उलट सक्ती गेल्यावर शिकणारे हौसेने यायला लागले आणि त्यांचे क्लास आता झूमवर भरतात.

नवीन मुलं येतात ती वेगळ्या दारातून. यूएसबीमध्ये लावायचा एसडीआर, म्हणजे बरंचसं काम सॉफ्टवेअरने करणारा, रिसीव्हर, ब्राउझरमध्ये चालणारा नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, नाहीतर २०१८मध्ये सोडलेला एस-हेल-२ हा उपग्रह, ज्यावर भूस्थिर कक्षेतला (पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणारा) पहिला हौशी ट्रान्सपाँडर, म्हणजे सिग्नल घेऊन परत सोडणारं यंत्र, आहे आणि ज्यावरून ब्राझीलपासून थायलंडपर्यंत कधीही बोलता येतं. लायसन्सचा विचार बहुतेकांच्या मनात त्यानंतर येतो.

खरी अडचण इंटरनेटशी स्पर्धेची नाहीच, फ्रिक्वेन्सीवरच्या जागेची आहे. एलईडी दिवे, चार्जर, सोलर इन्व्हर्टर, जुन्या टेलिफोनच्या तारांवरून धावणारं ब्रॉडबँड, हे सगळं शॉर्टवेव्हवर कचरा ओततं आणि क्षीण सिग्नल त्याखाली बुडतात. वरच्या बँडवर वेगळी ओढाताण आहे. २.४ गिगाहर्ट्झला वायफाय शेजारी येऊन बसलं, २०१९मध्ये फ्रान्सने १४४ मेगाहर्ट्झचा बँड विमानसेवेसाठी तपासावा असा प्रस्ताव मांडला तो बराच गदारोळ होऊन मागे पडला, आणि १.२ गिगाहर्ट्झवर नॅव्हिगेशन उपग्रहांना त्रास होऊ नये म्हणून २०२३च्या जागतिक रेडिओ परिषदेत हौशींनी काय पाळावं याच्या शिफारशी झाल्या. दर परिषदेला हौशी संघटनांची माणसं तिथे जाऊन बसतात, बरीचशी स्वयंसेवक म्हणून, आणि समोर मोबाईल कंपन्यांचे पगारी तज्ज्ञ असतात.