आग आपल्या घरात की शेजारच्या मजल्यावर?

इमारतीत आग लागल्यावर काय करायचं, असं विचारलं तर बहुतेक जण एका दमात सांगतात, "जिन्याने खाली पळायचं." हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. आपल्याच फ्लॅटमध्ये लागलेली आग आणि त्याच इमारतीत दुसरीकडे कुठे तरी लागलेली आग या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिल्या वेळी घरात थांबणं जिवावर बेततं. दुसऱ्या वेळी कधी कधी दार उघडून धावत सुटणंच जिवावर बेततं. गोंधळ होतो तो यामुळे, की दोन्हींत धुराचा वास तोच, आरडाओरडा तोच आणि भीतीही तीच.

आधी घरातली आग. इथे वेळ फार कमी असतो. फोमचा सोफा, प्लास्टिक, सिंथेटिक पडदे यांनी भरलेली आजची खोली पाच मिनिटांच्या आत अशा अवस्थेला पोचू शकते, की छताखाली साठलेल्या गरम वायूंच्या झळेने खोलीतल्या सगळ्याच वस्तू एकदम पेट घेतात. त्यानंतर त्या खोलीत कोणी वाचत नाही. म्हणून "आधी कागदपत्रं काढू, मग निघू" हा हिशेब इथे चालत नाही.

आग विझवायचा प्रयत्न करायचाच नाही का? करायचा, पण आग एखाद्या भांड्यापुरती किंवा कचऱ्याच्या डब्यापुरती असेल, बाहेरचा दरवाजा तुमच्या पाठीशी असेल आणि घरातले बाकीचे बाहेर पडले असतील, तेव्हाच. भांड्यातलं तेल पेटलं तर हात पोचत असेल तरच गॅस बंद करावा, बाजूने झाकण सरकवावं आणि भांडं पूर्ण गार होईपर्यंत ते उचलू नये. पाणी तर चुकूनही ओतू नये. पाणी तेलाच्या तळाशी जातं, तिथे क्षणात त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटतं तेल घरभर उडवते. घरगुती अग्निशामक सिलिंडरही काही सेकंदांत रिकामा होतो. तेवढ्यात आग विझली नाही, तर निघायचं.

आणि निघताना दार ओढून घ्यायचं. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत मोलाची आणि सर्वांत विसरली जाणारी कृती हीच. कुलूप लावायचं नाही, फक्त दार बंद करायचं. अमेरिकेतल्या यूएल या संस्थेच्या चाचण्यांमध्ये आगीच्या वेळी उघड्या दाराच्या खोलीत सुमारे ५४० अंश सेल्सिअस तापमान आढळलं, तर बंद दाराच्या खोलीत ते ३८ अंशांच्या आसपास राहिलं. एका साध्या दाराने एवढा फरक पडतो. बाहेर आल्यावर मजल्यावरच्या लोकांना ओरडून सावध करायचं, अलार्मचं बटण असेल तर दाबायचं, जिन्याने उतरायचं आणि खाली पोचून अग्निशमन दलाला फोन करायचा. काहीही राहिलं असलं, तरी परत आत जायचं नाही.

आता दुसरी परिस्थिती. आग तुमच्या घरात नाही, पण वास येतोय, कुणी तरी ओरडतंय. अशा वेळी हात आपोआप कडीकडे जातो. तिथे जरा थांबा. दार उघडण्याआधी तळहात नव्हे, तर हाताची मागची बाजू दाराच्या वरच्या भागाला आणि मुठीला लावून पाहा. तळहात भाजला तर पुढे कठडा धरता येत नाही. दार गरम लागलं तर उघडायचं नाही. गार असेल तर त्याच्या आड उभं राहून बोटभर फट करा आणि बाहेर बघा. पॅसेज आणि जिना दोन्ही मोकळे असतील तर किल्ली घ्या, दार बंद करा आणि खाली उतरा. अलार्म वाजताच सर्वांनी बाहेर पडायचं असा इमारतीचा नियम असेल, जिना लाकडी असेल किंवा इमारत जुनी आणि डागडुजीला आलेली असेल, तर मोकळ्या जिन्याचा फायदा लगेच घ्यावा. पण पॅसेजमध्ये धूर भरलेला असेल, तर दार लावा आणि आतच राहा.

हे ऐकायला भित्रेपणाचं वाटतं. पण धूर म्हणजे नुसता काळोख नव्हे. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणसाला धाप लागण्याआधी गोंधळल्यासारखं होतं, पाय गळतात आणि तो जिन्यातच बसतो. ओल्या रुमालाने धुरातली काजळी थोडीफार अडते, पण हा वायू अडत नाही. म्हणून "तोंडाला ओलं फडकं बांधून दोन मजले धुरातून उतरू" हा बेत फसवा आहे. त्यातून जिना हा इमारतीतलं धुराडंच असतो. खालच्या मजल्यावरचं एक दार उघडं राहिलं, की धूर सरळ वर चढतो आणि आगीपासून दहा मजले दूर असलेला माणूसही त्यात सापडतो.

९ जानेवारी २०२२ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या १९ मजली इमारतीत नेमकं हेच झालं. खालच्या मजल्यांवरच्या एका घरात हीटरमुळे आग लागली. ज्वाळा बहुतांशी त्या घरापुरत्या आणि बाहेरच्या पॅसेजपुरत्या राहिल्या. पण आपोआप बंद व्हायला हवं होतं ते घराचं दार उघडंच राहिलं, वर जिन्याचंही एक दार उघडं होतं, आणि धुराने इमारत भरून गेली. १७ जण गेले, त्यांत ८ मुलं होती. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. जिन्याच्या दाराला झाडाची कुंडी टेकवून ते उघडं ठेवणाऱ्या किंवा पॅसेजमध्ये सायकली रचणाऱ्या शेजाऱ्यांशी एकदा भांडण झालं तरी चालेल, असं मला वाटतं ते यामुळेच.

मग घरात थांबणं नेहमीच सुरक्षित का? तसंही नाही. लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली. सुरुवात चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजमधून झाली. रहिवाशांना घरातच थांबा असं सांगितलं जात होतं. प्रत्येक घराच्या भिंती आणि दारं आग काही काळ अडवतील, हे त्या सल्ल्यामागचं गृहीतक होतं. पण आग खिडकीतून बाहेर आली आणि इमारतीच्या बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणावरून अर्ध्या तासाच्या आसपास माथ्यापर्यंत पोचली. थांबण्याचा सल्ला मागे घेतला गेला तो पहाटे २.४७ ला. ७२ लोकांचा जीव गेला. सल्ला खूप आधी बदलायला हवा होता, असं नंतरच्या चौकशीत म्हटलं गेलं.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की नियमाचा खरा आधार दिसतो. आत थांबणं हे आग दुसऱ्याच्या घरात कोंडलेली असेपर्यंतच शहाणपणाचं. ज्या क्षणी ती तुमच्या खिडकीबाहेर दिसू लागते, भिंत किंवा दार तापतं किंवा फटी बुजवूनही खोलीत धूर वाढत जातो, त्या क्षणी दुसऱ्याची आग तुमची झाली. तेव्हा जिन्यातला धूर विरळ असेल तर खाली वाकून, भिंतीला धरून निघायचं. अग्निशमन दलाने निघा म्हटलं तर तेव्हाही निघायचं, मग आधी थांबा सांगितलेलं असलं तरी. लिफ्ट मात्र दोन्ही प्रकारांत वर्ज्य. वीज गेली तर ती मध्येच अडकते आणि तिच्या पोकळीत धूर भरतो. काही इमारतींत असलेली फायर लिफ्ट जवानांसाठी असते, आपल्यासाठी नाही. गच्चीकडे धावण्याचा मोहही टाळावा. धूर वर जातो आणि गच्चीच्या दाराला कुलूप असण्याची शक्यता मोठी. उंच इमारतीत ठरावीक मजल्यांवर रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी आसऱ्यासाठी राखलेली जागा असेल, तर तो कुठे आहे आणि तिथे जायचा रस्ता मोकळा आहे का, हे आधीच बघून ठेवलेलं बरं.

आत थांबायचं ठरलं तर नुसतं बसून राहायचं नाही. आगीपासून लांबची, रस्त्याकडे खिडकी असलेली खोली निवडा आणि मधली सगळी दारं बंद करा. दाराखालची फट ओल्या टॉवेलने आणि बाकीच्या फटी चिकटपट्टीने बुजवा. एसी आणि पंखे बंद करा. बाहेर धूर नसेल तरच खिडकी थोडी उघडा. काच फोडू नका, कारण खालून धूर येऊ लागला तर ती पुन्हा लावता आली पाहिजे. खिडकीतून रंगीत कापड किंवा मोबाइलचा दिवा हलवा. फोनवर नुसतं "आम्ही अडकलोय" म्हणून भागत नाही. इमारत, मजला, फ्लॅट नंबर, खिडकी कुठल्या बाजूला आहे आणि आत किती जण आहेत, एवढं सांगा आणि पलीकडची व्यक्ती म्हणेपर्यंत फोन ठेवू नका.

ज्यांना जिना उतरता येत नाही, त्यांच्या बाबतीत हा फरक आणखी महत्त्वाचा. आग त्यांच्याच घरात असेल, तर त्यांना तळमजल्यापर्यंत नेण्याच्या खटपटीत वेळ घालवण्याऐवजी आधी घराबाहेर काढून दार लावायचं आणि त्याच मजल्यावरच्या लांबच्या एखाद्या घरात किंवा जिन्याच्या बंद दारापलीकडे न्यायचं. आग दुसरीकडे असेल आणि बाहेर धूर असेल, तर त्यांना खिडकीच्या खोलीत ठेवून कुणी तरी सोबत थांबायचं. दोन्ही वेळी खाली पोचलेल्याने पहिल्या जवानाला गाठून त्यांचा मजला आणि फ्लॅट नंबर सांगायचा.