फोनो प्रीअँप नावाचा डबा आला कुठून?

सांगलीत आमच्या पोटमाळ्यावर आजोबांच्या एलपी होत्या, २०१९ च्या पुरात खालचं सगळं गेलं पण त्या वाचल्या, म्हणून हौसेनं नवीन टर्नटेबल आणला आणि सरळ अँपच्या ऑक्सला (साध्या इनपुटला) लावला, तर आवाज असा की डबीत डास कोंडलाय, डग्गा तर गायबच. दुकानदार म्हणाला सुई गेलीय. सुई ठणठणीत होती, नव्हता तो फोनो प्रीअँप, म्हणजे टर्नटेबलचा बारीक सिग्नल मोठा करून बास-ट्रेबल जागेवर आणणारा डबा.

भानगड जुनी आहे. तबकडीवर बास (खालचे स्वर) जसाच्या तसा कापला तर खाच एवढी हेलकावते की शेजारच्या खाचेत घुसेल, म्हणून बास दाबून कापतात आणि वरचे स्वर चढवून, मग वाजवताना बरोब्बर उलटं करायचं, त्यात वरचं खाली आणताना तबकडीची खरखरही दबते. डोकं लावलंय राव! पण किती दाबायचं हे जो तो आपल्या मनानं ठरवायचा, १९४८ ला कोलंबियानं एलपी आणली तरी तेच, शेवटी १९५४ ला अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं आरआयएए कर्व्ह ठरवला, वाजवताना २० हर्ट्झला जवळपास २० डेसिबल वर आणि २० हजारला तेवढंच खाली. मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ लाच गेले, म्हंजे त्यांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या) तबकड्या या कर्व्हच्या आधीच्या, साध्या प्रीअँपवर टोन थोडा इकडेतिकडे होणारच. (७८ ला सुई पण जाड लागते, एलपीची चालवू नका.)

मग आजोबांच्या प्लेअरला डबा का नव्हता? त्या जुन्या घरगुती प्लेअरांत बहुतेक क्रिस्टल नाहीतर सिरॅमिक पिकअप (सुईच्या थरथरीची वीज करणारा भाग) असायचा, तो शेकडो मिलिव्होल्ट देतो आणि त्याचा स्वभावच असा की बास बऱ्यापैकी आपोआप भरून निघतो. आताचं मूव्हिंग मॅग्नेट जातीचं पिकअप देतं जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट. पूर्वी चांगल्या अँपमध्ये हे सर्किट आतच यायचं, १९८२ ला सीडी आली आणि पुढे कंपन्यांनी ते हळूहळू काढून टाकलं, तेच आता वेगळे पैसे देऊन घ्यायचं.

तुलना करताना लोक ब्रँडवरून भांडतात. मी आधी गेन (सिग्नल किती वाढवतो ते) बघतो, मॅग्नेटला ४० डेसिबल आणि इनपुटचा रोध ४७ किलोओहम, मूव्हिंग कॉइल या दुसऱ्या जातीच्या पिकअपला गेन ६० च्या आसपास. मिरजेच्या मित्राचा महागडा डबा माझ्या स्वस्तातल्यासमोर लावला, पहिल्यांदा त्याचाच भारी वाटला, मग कळलं त्याचा आवाजच मोठा होता. व्हॉल्यूम सारखा केल्यावर डग्गा दोन्हीकडं तोच, फक्त दोन गाण्यांच्या मधे माझ्यात बारीक घूंऽऽ यायचं. टर्नटेबलची अर्थिंगची वायर सैल होती, स्क्रू आवळला, गेलं.