मिडी केबलमधून आवाज जातो का?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: जुना सँपलर (आवाज साठवून ते सुरांत वाजवणारं यंत्र) मिडी केबलनं (वाद्यं एकमेकांना आणि कॉम्प्युटरला जोडणारी तार) कॉम्प्युटरला जोडला, की त्यातले आवाज आपोआप उतरतात.

केबल जोडली की काहीतरी वाजतं, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. पण १९८३ साली आलेल्या मिडीतून वाजवताना फक्त सूचना जातात: कोणता सूर, किती जोरात, कधी सोडला. पडताळा सोपा आहे. एक ओळ मिडीवर रेकॉर्ड करा, सँपलर बंद करा आणि तोच ट्रॅक सँपलरकडे पाठवून वाजवा. काही ऐकू येणार नाही.

सँपल डंप नावाची सोय काही यंत्रांत आहे, तिच्यातून खरा आवाज जातो. पण मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. सीडीच्या दर्जाच्या एका सेकंदाच्या मोनो आवाजाला किमान ४५ सेकंद लागतात!

त्यापेक्षा सँपलरचा लाइन-आउट (आवाज बाहेर देणारी जागा) ऑडिओ इंटरफेसला (आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारं यंत्र) जोडून एकेक आवाज रेकॉर्ड करावा. आणि सँपलरची फ्लॉपी घातल्यावर कॉम्प्युटरनं ‘फॉरमॅट करू का?’ विचारलं, तर कृपा करून ‘नाही’ म्हणा. फ्लॉपी बहुधा खराब नसते, तिची मांडणी वेगळी असते.