खानापुरात मिळालेली बुखारेस्टची पोचपावती

‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन या वेळेत अवकाशातून घातक किरण येणार आहेत, मोबाइल उशाशी ठेवू नका’ हा जुना संदेश परवा आमच्या खानापूर-निपाणीच्या नातेवाइकांत पुन्हा फिरला आणि मला वडिलांच्या पत्र्याच्या डब्यातील एक कार्ड आठवले. त्याच्या पाठीवर निळ्या शाईत तारीख, १८:०५ ते १८:४० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ही वेळ आणि सात हजार किलोहर्ट्झच्या, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या घरातील फ्रिक्वेन्सी लिहिलेली आहे. पाठवणारे केंद्र रोमानियाची राजधानी बुखारेस्ट येथील रेडिओ रोमानिया इंटरनॅशनल. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा उलटले होते.

अशा कार्डाला क्यूएसएल कार्ड म्हणतात. क्यूएसएल ही बिनतारी संदेशवहनातील खूण असून तिचा अर्थ ‘पोच मिळाली’ असा आहे. श्रोत्याने वेळ, फ्रिक्वेन्सी, कार्यक्रमाचा तपशील आणि ‘सिन्पो’ हे पाच आकडे कळवायचे, केंद्राने ते पडताळून कार्ड धाडायचे, असा हा व्यवहार. सिन्पोमध्ये आवाजाचा जोर, दुसऱ्या केंद्राची ढवळाढवळ, खरखर, लहरीच्या प्रवासातील चढउतार आणि एकूण दर्जा यांना १ ते ५ गुण देतात. ५ म्हणजे उत्तम.

रात्री हवा थंड आणि शांत असते म्हणून लांबची केंद्रे लागतात, असे आमच्याकडे सर्रास सांगितले जाते. वास्तविक हवेच्या गारव्याचा येथे संबंध नाही. सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे उंचावरील वायूंच्या अणुरेणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात. सुमारे ६० ते ९० किलोमीटरवरील ‘डी’ थरात हवा तुलनेने दाट असल्याने रेडिओलहरीबरोबर हेलकावणारे इलेक्ट्रॉन रेणूंवर आपटतात आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत विरते. फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितकी ही गळती अधिक. दिवसा ६-७ मेगाहर्ट्झवर परदेश ऐकू न येण्याचे मुख्य कारण हेच. सूर्य मावळताच डी थरातील इलेक्ट्रॉन झपाट्याने पुन्हा जोडले जातात आणि वाट मोकळी होते. दोनशे किलोमीटरच्या वरचा ‘एफ’ थर मात्र इतका विरळ असतो की तेथे इलेक्ट्रॉनला जोडीदार मिळायला वेळ लागतो, त्यामुळे तो रात्रभर टिकतो.

या एफ थरावर लहर चेंडूसारखी आपटत नाही, तर वर जाताना इलेक्ट्रॉनांची दाटी वाढत गेल्याने हळूहळू वाकत खाली वळते. घनमीटरमागे एक लाख कोटी इलेक्ट्रॉन असतील तर सरळ वर सोडलेली सुमारे ९ मेगाहर्ट्झपर्यंतची लहर परत येते. इलेक्ट्रॉन चौथ्या हिश्शावर आले की ही मर्यादा निम्म्यावर, म्हणजे साडेचारवर उतरते, कारण ती दाटीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. तिरकी सोडलेली लहर याहून बऱ्याच वरच्या फ्रिक्वेन्सीवरही परतते. एका उडीत ती फार तर ४,००० किलोमीटर जाते आणि बुखारेस्ट येथून सुमारे साडेपाच हजार किलोमीटर दूर आहे. म्हणजे वडिलांनी ऐकलेला तो आवाज वाटेत किमान एकदा जमिनीला किंवा समुद्राला टेकून पुन्हा आकाशात गेलेला होता. मला या कार्डाचे सर्वांत मोठे अप्रूप याच गोष्टीचे वाटते.

त्या संदेशाचे उत्तरही येथेच आहे. सूर्यावर मोठी ज्वाला उसळली की तिचे क्ष-किरण सुमारे ८ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतात, डी थर एकाएकी दाट होतो आणि शॉर्टवेव्ह, म्हणजे अशी दूरची केंद्रे ऐकवणारा रेडिओपट्टा, काही काळ मुकी होते. परंतु हे उजेडाच्या बाजूलाच घडते. मध्यरात्री बेळगावच्या आणि सूर्याच्या मध्ये अख्खी पृथ्वी आडवी असते, तेव्हा त्या किरणांना भिऊन मोबाइल बंद करण्यात काहीच अर्थ नाही.

त्या रात्रीच्या अहवालाची नक्कल वडिलांनी कार्डासोबत जपली आहे. त्यात खरखरीला २ गुण आहेत आणि शेजारी ‘येथे आभाळ निरभ्र’ अशी टीप आहे. विजेच्या प्रत्येक लोळातूनही रेडिओलहरी निघतात आणि त्याही याच एफ थरावरून वळून शेकडो किलोमीटरवर उतरतात; तेव्हा ती खरखर बहुधा दूर कोठेतरी कोसळणाऱ्या वळिवाची असावी.