टर्फ आणि स्टॅटिक ग्रास: लेआउटवर कुठे काय घालायचं?

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे छोट्या गाड्यांसाठी फळीवर उभारलेल्या देखाव्यात, रूळ ठोकून झाले, वायरिंग झालं, इंजिन कुठेही न अडखळता फेरी मारून आलं की हात हिरवळीसाठी शिवशिवायला लागतात. सामान शोधायला जावं तर दोन तऱ्हेच्या हिरव्या पिशव्या समोर येतात. एकीवर टर्फ लिहिलेलं, दुसरीवर स्टॅटिक ग्रास. दोन्हींना आपण सरसकट गवत म्हणतो आणि जी स्वस्त पडेल ती उचलतो. खरं तर या दोन्हींपैकी गवत म्हणावं असं एकच आहे, स्टॅटिक ग्रास.

टर्फ म्हणजे रंगवून दळलेला फोम. गादीच्या फोमचे तुकडे अ‍ॅक्रिलिक रंगात घोळवून, वाळवून मिक्सरमध्ये फिरवले तर घरीसुद्धा होतो. (मिक्सरचं भांडं मात्र वेगळं ठेवा, नाहीतर छंद आणि संसार यांतलं एक निवडायची वेळ येईल.) त्याचा कण रव्यासारखा, जिथे पडेल तिथे बसणार, उभा काही राहणार नाही. त्यामुळे शेवाळ, खुरटं तण, झुडपांचा पाला, मातीवर नुकती धरलेली हिरवी झाक या गोष्टी त्याला झकास जमतात. रुळांसाठी डोंगर कापून केलेल्या दगडी कटिंगच्या ओल्या भिंतीवर बारीक टर्फची चिमूट टाकली की बोरघाटातला जुलै दिसायला लागतो. पण संपूर्ण डोंगर टर्फने माखला तर तो हिरव्या गालिच्यासारखा दिसतो.

स्टॅटिक ग्रास म्हणजे नायलॉनचे बारीक तंतू, साधारण १ ते १२ मिलिमीटर लांबीचे. नुसते शिंपडले तर आडवे पडतात आणि कापलेल्या केसांसारखे दिसतात. त्यांना उभं करायला अ‍ॅप्लिकेटर लागतो. हे सेलवर चालणारं, तोंडाशी धातूची चाळणी असलेलं यंत्र. त्याची एक वायर ओल्या गोंदात टोचलेल्या खिळ्याला जोडायची. चाळणी आणि गोंद यांच्यामध्ये काही हजार व्होल्टचा दाब तयार होतो, तंतूंवर विद्युतभार चढतो आणि ते सरळ रेषेत येऊन गोंदात उभे रुततात. करंट नगण्य असतो, तरी झिणझिण्या चांगल्याच येतात. इंजिनं आधी रुळांवरून उचलून ठेवा, त्यांच्या पोटात नाजूक सर्किट असतं. मुंबई-कोकणातल्या पावसाळी हवेत तंतूंच्या गुठळ्या होतात आणि चाळणीतून पडायचं नाव घेत नाहीत. हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत काढावं.

लांबी निवडताना थोडं गणित करा. एचओ हे मॉडेलचं एक स्केल, म्हणजे खऱ्याच्या तुलनेत १:८७. यात २ मिलिमीटरचा तंतू खऱ्या जगात सुमारे १७ सेंटिमीटर, ४ चा ३५, आणि १२ चा चक्क मीटरभर उंच. स्टेशनच्या आवारात २ पुरे. घाटाच्या उतारावर ४ आणि ६ मिसळून वापरा. एन स्केलमध्ये, म्हणजे १:१६० ला, तोच ४ मिलिमीटरचा तंतू ६४ सेंटिमीटर होतो, गुडघ्याच्याही वर. त्या स्केलला मी बहुतेक काम टर्फवरच भागवतो.

गोंदाची तऱ्हाही वेगळी. टर्फखाली पाणी घालून पातळ केलेला फेव्हिकॉल चालतो, आणि वरून परत फवारला तरी बिघडत नाही. तंतूंना दाट पण पातळ थरात पसरलेला गोंद हवा. त्यावर साय धरली की तंतू रुतत नाहीत, म्हणून तळहाताएवढाच भाग एका वेळी घ्यायचा.

आता क्रम. आधी खडी. आपल्याकडची खरी खडी साधारण २० ते ६५ मिलिमीटरची, म्हणजे एचओमध्ये सर्वांत मोठा दगडही पाऊण मिलिमीटरचा. साबुदाण्याएवढी खडी घातली तर प्रत्येक दगड फुटबॉलएवढा वाटतो. खडी कोरडीच पसरून ब्रशने स्लीपरच्या मधे सारायची, भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्याने भिजवायची आणि मग ड्रॉपरने पातळ फेव्हिकॉल सोडायचा. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्यांच्या हलत्या पात्यांपासून गोंद लांब ठेवा. त्यानंतर माती, तिच्यावर टर्फ, सगळ्यात शेवटी तंतू. स्टॅटिक ग्रास लावताना रूळ मास्किंग टेपने झाका. एक तंतू गिअरमध्ये गुंडाळला गेला की इंजिन उघडावं लागतं. उरलेले तंतू व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला नायलॉनचा मोजा बांधून परत गोळा होतात.

माती घरचीच वापरत असाल, आणि माथेरानच्या गाडीसाठी त्या लाल मातीशिवाय मजा नाही, तर ती वाळवून चहाच्या गाळणीने चाळा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यातून फिरवा. देशावरच्या काळ्या दगडाच्या मातीत तर हे हमखास करायचं. पिशवीला काळी बारीक भुकटी चिकटून येते. ती लोहयुक्त असते आणि तशीच राहिली तर इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला जाऊन बसते.

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी टर्फ घ्या. नुसत्या टर्फवर पावसाळी देखावा निभावून नेता येतो. नुसते तंतू लावले तर त्यांच्यामधून रंगवलेलं प्लायवूड डोकावतं. पण डिसेंबरचा सह्याद्री करायचा असेल, पिवळं पडलेलं कुसळीचं गवत आणि त्यात मधेच राहिलेला हिरवा पट्टा, तर अ‍ॅप्लिकेटरला पर्याय नाही. तेव्हा पिशवीतला भडक हिरवा तसाच वापरू नका; गवती, पिवळा आणि मळकट तपकिरी तंतू डब्यात एकत्र हलवून घ्या, आणि हिरव्याचा हात आखडता ठेवा.