दबावगट

दबावगट : स्वतः सत्तेवर न बसता सरकारचा निर्णय आपल्याकडे वळवू पाहणारी संघटना. ‘हितसंबंधी गट’ असेही म्हणतात. सत्ता हवी असते तो पक्ष आणि निर्णय हवा असतो तो दबावगट, अशी रेघ पाठ्यपुस्तके ओढतात. महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात ती लगेच पुसली जाते.

उसाची एफआरपी, म्हणजे किमान रास्त दर, केंद्र सरकार ठरवते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. ते देववायचे काम राज्य सरकारचे. त्यामुळे दराचा दबाव दिल्लीवर, वसुलीचा मुंबईवर. कारखानदारांना त्यासाठी मंत्रालयात चिठ्ठी पाठवून ताटकळावे लागत नाही. सहकारी कारखान्याचा अध्यक्ष बऱ्याचदा स्वतःच आमदार असतो, कधी मंत्रीही. ‘साखर लॉबी’ हा शब्द म्हणूनच थोडा फसवा आहे, कारण लॉबी म्हणजे मुळात सभागृहाबाहेरची जागा आणि ही मंडळी तर आत बसलेली.

शेतकऱ्यांच्या हाती राहतो रस्ता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नोव्हेंबर १९८० मध्ये कांदा व उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे अडवली. पुढे, १९९४ मध्ये, जोशींनीही स्वतंत्र भारत पक्ष काढलाच. राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेची जयसिंगपूरची ऊस परिषद गाळप हंगामाच्या तोंडावर भरते. ‘पहिली उचल’, म्हणजे उसाच्या दराचा पहिला हप्ता, किती हवी हे तिथे जाहीर होते. कारखाने बधले नाहीत तर तोडी बंद पाडायच्या, ट्रॅक्टर अडवायचे. शेट्टी २००९ आणि २०१४ मध्ये हातकणंगल्याचे खासदार झाले. राज्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपी दोन टप्प्यांत द्यायला मुभा दिली, तेव्हा मात्र लढाई कोर्टात गेली आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

सगळेच गट स्वतःच्या पदरात काही पाडून घेण्यासाठी नसतात. राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने मजुरीचे हजेरीपट लोकांना दाखवा, ही मागणी जनसुनवायांतून (गावकऱ्यांसमोरच्या जाहीर सुनावण्यांतून) लावून धरली, १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवस धरणे धरले; माहितीचा अधिकार कायद्याची (२००५) एक वाट तिथून निघते.

उद्योगांचा दबाव सहसा रस्त्यावर दिसत नाही. फिक्की (१९२७) या उद्योग-व्यापार महासंघासारख्या संघटना अर्थसंकल्पापूर्वी अर्थमंत्र्यांना निवेदने देतात. एवढे उघड असते. बाकीचे शोधणे कठीण, कारण लॉबिंगची नोंद सक्तीची करणारा कायदा भारतात नाही. अमेरिकेतला सध्याचा असा कायदा १९९५ चा आहे. वॉलमार्टने तिथे लॉबिंगवर केलेल्या खर्चात भारतातील बाजारप्रवेशाचाही विषय होता, हे कंपनीने अमेरिकी सिनेटला दिलेल्या विवरणांतूनच कळले आणि डिसेंबर २०१२ मध्ये त्यावरून आपल्या संसदेत गदारोळ झाला.