साचा उलटवणं वेगळं, साचा मोडणं वेगळं

अमेरिकन मालिकांबद्दल बोलताना एक कौतुक हमखास ऐकू येतं. 'या मालिकेतला कृष्णवर्णीय पुरुष गुंड नाही, डॉक्टर आहे. साचा मोडला बघा!' मला हे कौतुक घाईचं वाटतं. गुंडाच्या जागी डॉक्टर आणला की साचा उलटतो. तो मोडतोच असं नाही. या दोन गोष्टींत फार मोठं अंतर आहे, आणि ते कळलं की याच मालिका वेगळ्या दिसायला लागतात.

उलटवलेल्या साच्यातला पुरुष सतत कुणाच्या तरी आरोपाला उत्तर देत असतो. तो हिंसक नाही, आळशी नाही, अडाणी नाही, पोरं टाकून पळणारा नाही. त्याचा एकेक गुण म्हणजे जुन्या आरोपाचं एकेक खंडन. साचा मोडून बाहेर आलेल्या माणसाच्या मागे स्वतःचे व्याप असतात: कर्ज, भीती, वासना, म्हातारा बाप, हट्टी पोरगा. तो चुकतो, आणि ती चूक त्याची एकट्याची असते, सगळ्या वंशाच्या नावावर मांडली जात नाही. पहिल्या नजरेला दोघंही 'नवे' वाटतात, म्हणून गल्लत होते.

मुळात आरोप काय होता? गुलामगिरीच्या काळात आणि नंतरही गोऱ्या अमेरिकेनं कृष्णवर्णीय पुरुषाची दोन चित्रं रंगवली. एक हसरा, आज्ञाधारक, पोरकट नोकर. दुसरा गोऱ्या बाईवर डोळा ठेवणारा पशू. दुसऱ्या चित्राचा आधार घेऊन जमावांनी माणसं झाडाला लटकवली. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाला ठार मारलं गेलं, ते एका गोऱ्या बाईशी तो आगाऊपणे वागला या आरोपावरून. पडद्यावर काय दिसतं हा प्रश्न तिथे करमणुकीपुरता कधीच नव्हता. १९५१ मध्ये 'अॅमॉस अँड अँडी' ही साचेबद्ध कृष्णवर्णीय पात्रांची विनोदी मालिका टीव्हीवर आली, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेनं तिच्याविरुद्ध मोहीम उघडली, त्यामागे हाच इतिहास होता.

म्हणून साचा उलटवणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. १९६५ मध्ये 'आय स्पाय' ही हेरमालिका आली. तिच्यात बिल कॉस्बीची भूमिका गोऱ्या नटाच्या बरोबरीची होती, अमेरिकन नाट्यमालिकेत कृष्णवर्णीय नटाला असं स्थान पहिल्यांदाच मिळत होतं. त्याचा स्कॉट ऱ्होड्स स्कॉलर, म्हणजे ऑक्सफर्डची मानाची शिष्यवृत्ती मिळवलेला, अनेक भाषा बोलणारा, रुबाबदार. या भूमिकेसाठी कॉस्बीला टीव्हीचे मानाचे एमी पुरस्कार लागोपाठ तीनदा मिळाले. घराघरांत तो पाहून कितीतरी पोरांची मान ताठ झाली असेल. पण स्कॉटला वंशाचा विषय सहसा काढू दिला जात नव्हता. बाहेर रस्त्यावर नागरी हक्कांची लढाई पेटली होती आणि हा मनुष्य टेनिस प्रशिक्षकाचं सोंग घेऊन रॅकेटींसह जगभर फिरत होता.

पुढे १९८४ मध्ये 'द कॉस्बी शो' आला. ती कौटुंबिक विनोदी मालिका, पण तिच्यात कॉस्बीनं साकारलेला हक्स्टेबल डॉक्टर हा पुढच्या कितीतरी नाट्यमालिकांतल्या 'आदर्श बापा'चा नमुना ठरला. उलटवलेल्या साच्याची मोठी अडचण इथेच दिसते: त्याला डाग चालत नाही. कॉस्बीवर अनेक बायकांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. २०१८ मध्ये न्यायालयानं त्याला दोषी ठरवलं, २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. या सगळ्यात ज्या प्रेक्षकांनी त्या पडद्यावरच्या बापाला आपला मानलं होतं त्यांची जी फरफट झाली, ती एका नटाची अब्रू गेल्यावर होते त्याहून खूप मोठी होती. एवढं सगळं ओझं एकाच स्वच्छ चेहऱ्यावर ठेवलेलं होतं.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून नाव घेऊन, आणि ते नातं केवळ नावापुरतं नव्हतं. आपल्याकडच्या पडद्यावरही दलित पुरुष बहुतेकदा मार खाणारा असतो, नाहीतर शिकून साहेब झालेला. मधला माणूस, जो रागीट आहे, प्रेमात पडतो, उधारी बुडवतो, भावाशी भांडतो, तो क्वचितच येतो.

नव्वदच्या दशकात नाट्यमालिकांत काहीतरी हललं. 'होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट' (१९९३ ते १९९९) मध्ये आंद्रे ब्राउअरनं फ्रँक पेम्बल्टन हा बाल्टिमोर शहरातला पोलीस डिटेक्टिव्ह उभा केला. जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत शिकलेला, गर्विष्ठ, कुणाशी जमवून न घेणारा. चौकशीच्या कोंदट खोलीत तो संशयिताला नुसत्या बोलण्यानं घेरत जायचा. आणि चौथ्या सीझनच्या शेवटी लेखकांनी त्यालाच पक्षाघाताचा झटका दिला. ज्याचं सगळं पुरुषपण जिभेत, त्याला साधा शब्द सापडेना. पुढचे कितीतरी भाग तो टेबलाशी बसून, चिडचिड करत, स्वतःच्याच शरीराशी झुंजतो. ही दुर्बळता त्याला लहान करत नाही आणि संतही करत नाही. मला वाटतं, साचा मोडल्याचा आवाज पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला तो इथे.

त्याच सुमारास 'ईआर' या इस्पितळातल्या मालिकेत एरिक ला सॅलचा डॉ. पीटर बेंटन होता. वरवर पाहिलं तर उलटवलेला साचाच: निष्णात सर्जन, कठोर, कामाला वाहिलेला. पण यातली एक गोष्ट नटाच्या लक्षात आली. बेंटनचे कृष्णवर्णीय बायकांशी आलेले संबंध सगळे कटकटीचे, फसलेले. डॉ. कॉर्डे या गोऱ्या सहकारी डॉक्टरबरोबर मात्र तो हळवा, समजूतदार. ला सॅलनं निर्मात्यांना हे नातं थांबवायला सांगितलं आणि ते थांबलं. मिश्र जोडप्याला त्याचा विरोध होता असा अर्थ काहींनी काढला, तो चुकीचा. या माणसाची कोवळीक फक्त गोऱ्या माणसाच्या सहवासातच उघडते असं चित्र तयार होत होतं, आणि ते त्याला मान्य नव्हतं. सर्जनचा डगला घातलेल्या पात्रातही जुना साचा कुठे दडून बसतो हे यापेक्षा चांगलं मला दाखवता येणार नाही.

आता 'द वायर' (२००२ ते २००८), बाल्टिमोरमधल्या अमली पदार्थांच्या टोळ्या आणि पोलीस यांच्यावरची मालिका. या विषयावर बोलायचं तर इथे थांबावंच लागतं. बाल्टिमोरचा माजी बातमीदार डेव्हिड सायमन आणि माजी पोलीस, नंतर शिक्षक झालेला एड बर्न्स यांनी ती रचली. तिच्यातलं सगळ्यात लाडकं पात्र म्हणजे मायकल के. विल्यम्सनं साकारलेला ओमार लिटल. लांब कोट, बंदूक, शीळ, अमली पदार्थांच्या दलालांना लुटणारा, सामान्य माणसावर कधी बंदूक न रोखणारा, आणि समलिंगी. साचा मोडला म्हणताना लोक पहिलं नाव त्याचं घेतात. मला ते अर्धंच पटतं. ओमार प्रेम कुणावर करतो ते बदललं, पण त्याचा दरारा जुन्याच चलनातला आहे: निर्भय, एकटा, सगळ्यांत भारी नेमबाज. तो दंतकथेतला वीर आहे, आणि दंतकथेतला वीर हासुद्धा एक साचाच असतो.

मालिकेला मात्र हे ठाऊक आहे. तिसऱ्या सीझनमध्ये एका गोळीबारानंतर वस्तीतली पोरं खेळताना भांडतात, ओमार कोण होणार यावरून. हे पाहिलेला डिटेक्टिव्ह बंक नंतर ओमारला गाठतो आणि खडसावतो. आपल्या लहानपणी हीच वस्ती कशी होती आणि आज पोरं तुझ्यासारखं व्हायला भांडतायत, हे तो त्याला तोंडावर सांगतो. ओमारकडे उत्तर नसतं. शेवटच्या सीझनमध्ये दुकानात सिगारेट घेताना त्याला मागून गोळी घालतो तो केनार्ड नावाचा एक लहानगा, त्याच खेळणाऱ्या पोरांतला.

इड्रिस एल्बाचा स्ट्रिंगर बेल याच्या उलट टोकाला. तो टोळीचा अमली पदार्थांचा धंदा सांभाळता सांभाळता कम्युनिटी कॉलेजात अर्थशास्त्राच्या वर्गाला बसतो, झेरॉक्सचं दुकान चालवतो, गर्दुल्यांना माल विकणाऱ्या पोरांच्या बैठकीत सभेचे नियम लावतो. बिल्डर होण्याचं त्याचं स्वप्न आहे. स्ट्रिंगर स्वतःच स्वतःवर साचा उलटवायला निघालेला माणूस आहे. अंगावर सूट चढवला, फाइल बगलेत घेतली की आपण रस्त्यावरचे राहणार नाही, असं त्याला वाटतं. राज्याचा सिनेटर क्ले डेव्हिस त्याला गोड बोलून लुटतो, आणि स्वतः बांधायला घेतलेल्या इमारतीतच तो मारला जातो. पात्र साचा उलटवतंय आणि मालिका तो प्रयत्नच उघडा पाडून साचा मोडते आहे, असं दुहेरी काम इथे चालतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसात इतक्या जवळ आल्यामुळे प्रेक्षक त्याला कधी 'आदर्श उद्योजक' समजतात, कधी 'सूट घातलेला गुंड'. दोन्ही वाचनं उथळ आहेत.

पण माझ्या मते या मालिकेतलं सगळ्यात धाडसी पुरुषपात्र यांपैकी एकही नाही. ते आहे डेनिस वाइज ऊर्फ कटी. चौदा वर्षं तुरुंगात काढून सुटलेला, एकेकाळचा भरवशाचा मारेकरी. पुन्हा टोळीत जातो, एका पोराला मारायची वेळ येते, नेम धरलेला असतो, आणि चाप ओढवत नाही. मग तो टोळीप्रमुख एव्हन बार्क्सडेलसमोर उभा राहून सांगतो की हा खेळ आता माझ्यात उरलेला नाही. या जगात असं बोलणाऱ्याची खैर नसते. पण एव्हन त्याला जाऊ देतो. तो गेल्यावर बाजूचा स्लिम चार्ल्स म्हणतो, त्याच्या काळात तो खरा मर्द होता. एव्हन त्याला दुरुस्त करतो: तो आजही मर्द आहे. हे वाक्य कुणा समाजसुधारकाच्या नाही, एका गुंडाच्या तोंडी आहे, म्हणून ते भाषण वाटत नाही. कटी नंतर वस्तीतल्या पोरांसाठी बॉक्सिंगची तालीम काढतो. त्यासाठी तो एव्हनकडे दहा हजार डॉलर मागतो, एव्हन पंधरा देतो. पैसा कुठून आला हे दोघांनाही माहीत आहे, आणि मालिका तो डाग धुवून काढत नाही.

याच तालमीत चौथ्या सीझनमध्ये मायकल हा पोरगा येतो. कटी त्याला जीव लावू पाहतो, आणि मायकल दरवेळी अंग चोरतो. एखादा मोठा माणूस मायेनं जवळ आला की त्याचे डोळे बदलतात. सावत्र बापानं त्याच्याशी काय केलं असावं हे मालिका कधीच उघड सांगत नाही, आपल्याला ते त्याच्या खांद्यांवरून कळतं. पुढे तो बंदूक हातात घेतो तेव्हा बाहेरच्या जगाला आणखी एक टगा दिसतो. आपल्याला मात्र त्या कठोरपणाखालचं घाबरलेलं पोर दिसत राहतं.

ब्राउअरला पेम्बल्टनसाठी १९९८ मध्ये एमी मिळाला. नाट्यमालिकेतल्या प्रमुख अभिनेत्याचा तो पुरस्कार पुन्हा कृष्णवर्णीय पुरुषाला मिळायला २०१७ उजाडावं लागलं: 'धिस इज अस'मधल्या रँडल पिअर्सनसाठी स्टर्लिंग के. ब्राउनला. गोऱ्या घरात दत्तक गेलेला रँडल हुशार, श्रीमंत, बायकोवर जीव टाकणारा, पोरींचा लाडका बाप. कागदावर हा हक्स्टेबलचा नातूच. पण लेखकांनी या परिपूर्णतेलाच प्रश्न विचारला. सगळं बिनचूक करायची त्याला एवढी घाई का? पहिल्या सीझनमध्ये एका रात्री तो ऑफिसात कोसळून रडत बसलेला असतो, आणि त्याचा गोरा भाऊ केविन आपल्या नाटकाचा पहिला प्रयोग सोडून धावत येतो. उलटवलेल्या साच्यात जगणाऱ्या माणसाचं आतून काय होतं, हे इतक्या जवळून मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब पुरस्कार घेताना ब्राउननं निर्माता डॅन फोगलमनचे आभार मानले ते याचसाठी: ही भूमिका कृष्णवर्णीय माणसासाठी लिहिलेली होती आणि कृष्णवर्णीय माणसालाच करता आली असती.

आणि 'क्वीन शुगर' (२०१६ ते २०२२). एव्हा डुव्हर्नेची ही मालिका, सगळे भाग बायकांनी दिग्दर्शित केलेले. लुइझियानातलं उसाचं शेत, बाप वारलेला, आणि एकेकाळी त्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून राबवणारं लँड्री घराणं ती जमीन गिळायला टपलेलं. कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला यातला ऊस तरी लगेच आपला वाटेल. धाकटा मुलगा रॅल्फ एंजल तुरुंगातून सुटलेला. पहिल्याच भागात तो एका दुकानात चोरी करतो. म्हणजे सुरुवातच त्या कुप्रसिद्ध साच्यातून. पण त्याच्या छोट्या मुलाला, ब्लूला, एक बाहुली फार प्रिय आहे. केन्या तिचं नाव. मुलग्याच्या हातात बाहुली पाहून लोकांच्या भुवया उंचावतात. रॅल्फ एंजल ती हिसकावून घेत नाही. पुढे ब्लू आपल्या रक्ताचा नाही हे समजल्यावर तो मोडून पडतो, ब्लूच्या आईवर संतापतो, वाईट वागतो, आणि तरीही त्या मुलाचा बाप राहतो. चोर, शेतकरी, हळवा, रागीट: या सगळ्यांची बेरीज करून तो चांगला की वाईट हे ठरवायची जबाबदारी मालिका प्रेक्षकावर टाकत नाही.

मालिका पाहताना एवढं तपासावं: या पात्राला कुणाच्या देखत नीट वागावं लागतंय? उलटवलेल्या साच्यात त्याच्यासमोर कायम एक अदृश्य गोरा परीक्षक बसलेला असतो. पेम्बल्टन, कटी, रॅल्फ एंजल यांच्यासमोर त्यांची स्वतःची माणसं असतात. 'द वायर' नव्यानं पाहणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. नेटवर ओमारच्या शिळेचे तुकडे फिरतात, त्यांच्यापासून सुरुवात करू नका. पहिल्या भागापासून बघा, आणि तिसऱ्या सीझनमध्ये कटी आला की घाई करू नका.